युद्धाची कविता लिहिताना एकच माणूस बघ

तुझी कविता वाचली. ‘रक्ताचे पाट’, ‘प्रेतांचा खच’ हे शब्द इतके घासून गुळगुळीत झालेत की वाचणाऱ्याच्या पोटात आता काही तुटत नाही. लाखो मेले हे सांगू नकोस. एक दाखव.

पहिल्या महायुद्धात लढलेल्या विल्फ्रेड ओवेन या इंग्रज कवीची ‘फ्युटिलिटी’ (म्हणजे व्यर्थता) ही कविता सावकाश वाच. 1918 सालची, चौदाच ओळींची. तिच्यात तोफ नाही, शत्रू नाही. बर्फात निपचित पडलेला एक सैनिक आणि त्याला उन्हात हलवा म्हणणारा सोबती, एवढंच. घरी असताना, पेरणीच्या दिवसांत ऊन त्याला हळूच उठवायचं. आजही उठवेल ही वेडी आशा. बियांना जागवणारा सूर्य याला का जागवू शकत नाही? हा प्रश्न मला अजूनही सोडत नाही. शीर्षक सोडलं तर ‘व्यर्थ’ हा शब्द कुठेही नाही.

आणि यमकं मोठ्याने म्हणून बघ: ‘वन्स’ आणि ‘फ्रान्स’, ‘स्नो’ आणि ‘नाउ’. मुद्दाम अर्धवट सोडलेली. कान जुळणीची वाट बघतो आणि ती येत नाही. तुझी यमकं मात्र फार खणखणीत वाजतात, संचलनासारखी.

ओवेन 4 नोव्हेंबर 1918 ला, युद्धविरामाच्या आठवडाभर आधी मारला गेला. वय 25. पण हे कविता वाचून झाल्यावर आठव, आधी नको.

तुझ्या तिसऱ्या कडव्यात बुटाची सुटलेली नाडी आलीय ना? बाकी सगळं खोड आणि तिथून पुन्हा सुरू कर.