मे महिन्यातली माणसं मोजा

प्रश्न : आमचं गाव गुहागर तालुक्यात, समुद्राला लागून. २०११च्या जनगणनेत वस्ती १,२००. माणशी ५५ लिटर धरून नळयोजनेचं अंदाजपत्रक झालंय. विहीर सड्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठाराच्या, पायथ्याशी आहे. कमी पडलं तर किनाऱ्याजवळ बोअर मारू, असं काही जण म्हणतात. योजना ३० वर्षं पुरेल का?
– एक ग्रामपंचायत सदस्य

उत्तर : कागदावर पुरेल. १,२०० गुणिले ५५ म्हणजे दिवसाला ६६,००० लिटर. पण तुमच्या गावात मे महिन्यात माणसं किती असतात? चाकरमानी गणपतीलाही येतात, मात्र तेव्हा पागोळ्यांखाली बादली ठेवली तरी भागतं. मेमध्ये घरं भरतात, होमस्टे भरतात आणि नेमकी तेव्हाच विहीर तळाला गेलेली असते. समजा २,५०० माणसं आणि वर १०० पर्यटक. समुद्रावरून आलेला पाहुणा ५५ लिटरांत आवरत नाही, त्याला शहरातले १३५ धरा. बेरीज दीड लाखावर जाते. आणि ३० वर्षांनंतरची वाढ यात अजून नाहीच.

आता विहीर. भरल्या विहिरीच्या पातळीवर विसंबू नका. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात मोटर लावून पाणी खाली घ्या, मोटर बंद करा आणि दर तासाला दोरी सोडून पाणी किती चढलं ते लिहून ठेवा. विहिरीचा व्यास ५ मीटर असेल, तर १ मीटर पाणी चढणं म्हणजे सुमारे १९,६०० लिटर. रात्रभरात किती चढतं, त्यावर योजना बेतायची. हे मोजमाप झाल्याशिवाय पाइपची ऑर्डर देऊ नका.

ते चढणारं पाणी येतं वरच्या सड्यातून. जांभा सच्छिद्र, त्यामुळे पावसात पाणी पितो आणि तितक्याच लवकर सोडूनही देतो. म्हणून कोकणात ३,००० मिलिमीटर पाऊस पडूनही एप्रिलपासून टँकर. सड्यावर प्लॉट पडत असतील तर ग्रामसभेत आत्ताच बोला. बंद चिरेखाणींत पावसाचं पाणी वळवता येईल. वहाळावर (ओढ्यावर) दिवाळीच्या सुमारास, धार वाहती असतानाच, गोणींचे वनराई बंधारे घाला. फेब्रुवारीत फोटोपुरते घातलेले बंधारे मी पुष्कळ पाहिलेत.

किनाऱ्यालगतची बोअर नको. तिथे गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं. गोड्याची पातळी समुद्रापेक्षा जितकी वर, तिच्या सुमारे चाळीसपट ते खाली असतं. उपशाने वरची पातळी १ फूट उतरली, तर खारं पाणी खालून ४० फूट चढू पाहतं. एकदा खारावलेली बोअर गोडी व्हायला वर्षं जातात, आणि शेजारच्या माडांच्या विहिरीही तिच्यासोबत जातात.

होमस्टेंना मीटर आणि वेगळा दर लावा. भांडण होईल, कदाचित घरातही.

मोटर १५ वर्षांच्या गरजेची घेतली तरी चालेल, पुढे बदलता येते. मुख्य पाइप मात्र पूर्ण ३० वर्षांच्या मापाचा टाका. कलमांच्या बागेतून चर खणायची संमती दुसऱ्यांदा मिळत नाही.