पैसे पाठवले, तरी पोराचा फोन का येत नाही?

अमळनेर तालुक्यातल्या एका गावची बाई. मुलगा नाशिक रोड मध्यवर्ती कारागृहात शिक्षा भोगतोय. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) तिने 500 रुपयांची मनीऑर्डर केली होती, वर 25 रुपये कमिशन भरलं होतं. "त्याना फोनच येस नही, ताई," एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत होती. तिच्या मनाने दोनच अर्थ काढले होते: एक तर पैसे कुणीतरी खाल्ले, नाहीतर पोरगा रुसला. दुसऱ्या विचाराने तिची झोप उडाली होती.

अशा वेळी धीर देण्याआधी हिशेब मांडावा. हिशेब कळला की निम्मी भीती जाते.

कैदी, म्हणजे कारागृहाच्या भाषेत बंदी, स्वतःच्या कार्डावर घरी कॉल करतो, तो स्मार्ट कार्ड फोन. राज्यात त्याची सुरुवात 2023 मध्ये येरवड्यापासून झाली. आठवड्यातून तीन कॉल, प्रत्येकी दहा मिनिटं, मिनिटाला एक रुपया असं धरू. म्हणजे आठवड्याला 30 आणि महिन्याला 120-130 रुपये. मुलाखतीला, म्हणजे कारागृहात भेटायला, जायचं तर अमळनेरहून जळगावला गाडी बदलून नाशिक रोड, नाहीतर धुळ्यावरून एसटी. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, पण मजुरी बुडते ती बुडतेच. तेव्हा फोनवरचा पैसा वाया जातो असं कुणी म्हणत असेल, तर ऐकू नये.

मग कॉल अडतो कुठे? बहुतेक वेळा घराकडच्या टोकाला. नंबर कुणाचा, नातं काय, हे तपासूनच तो बंद्याच्या कार्डाला जोडतात. दुसऱ्या नंबरवर कॉल लागत नाही. या बाईने दिलेल्या नंबरचा रिचार्ज संपला होता. घरात सगळे धाकट्याचा मोबाईल वापरत, त्यामुळे जुन्या सिमकडे कुणाचं लक्ष नव्हतं. रिचार्जची मुदत संपली की काही दिवसांत येणारे कॉलही बंद होतात, हे गावाकडे अजून अनेकांना माहीत नाही. सिम बरेच महिने तसंच पडून राहिलं तर नंबरच जातो. शिवाय नको असलेले कॉल अडवणारं ॲप कारागृहाचा अनोळखी नंबर परस्पर कापतं. ते आधी तपासा. पोरगा तिकडे नंबर लावत होता आणि इकडे काहीच वाजत नव्हतं. पैसे त्याच्या खात्यावर तसेच पडून होते.

दुसरं कारण आतल्या रांगेचं. समजा 400 बंदी आहेत. आठवड्याला तीन धरले तर 1200 कॉल होतात. बराकी उघड्या असण्याच्या वेळेत एका फोनला पाच तास मिळाले, तर माणसं बदलण्याचा वेळ धरून दिवसाला जेमतेम 25 कॉल होतात, सहा दिवसांत 150. आठ फोन हवेत. एक आठवडाभर बिघडला की 150 कॉल हुकतात. एका फोनची दिवसाची कमाई 250 रुपये; त्यातून लाइन, कार्डं, दुरुस्ती, रेकॉर्डिंग भागवायचं. असा दर सगळीकडे नसतो. अमेरिकेत अनेक तुरुंग फोन कंपनीकडून कमिशन घेत आणि ते कॉलच्या दरातून कुटुंबांच्याच माथी बसे. मार्था राइट या आजीने 2003 मध्ये त्याविरुद्ध सरकारदरबारी अर्ज केला. तिच्या नावाचा कायदा 2023 मध्ये झाला. तिथल्या कनेटिकट राज्याने तर 2022 पासून कॉल मोफतच केले. रुपयाचा दर म्हणूनच मोलाचा आहे, तो वाढू नये.

बाईसाठी दोन कामं काढली. जुन्या सिमला रिचार्ज, आणि धाकट्याकडून ई-मुलाखतीची नोंदणी. ही व्हिडिओ भेट मोफत आहे, खर्च फक्त डेटाचा. ई-प्रिझन पोर्टलवर राज्य, कारागृह, बंद्याचं नाव, नातं, ओळखपत्र भरून ओटीपी टाकायचा. मंजुरी आली की दुवा मिळतो. नाव कारागृहाच्या नोंदीत आहे तसंच लिहावं. आडनाव आधी की शेवटी, एवढ्यावरून अर्ज अडतो. नंबर बदलायचा असेल तर आतून बंद्यालाच अर्ज करावा लागतो, म्हणून नवा नंबर त्याला भेटीत किंवा पत्राने कळवावा.

"मी कालच सुटलो, तुमच्या पोराला फोनसाठी दोन हजार द्या" असा कॉल आला तर एक रुपयाही देऊ नये. आत चोरून मोबाईल वापरू देतो म्हणणाऱ्यालाही नाही. त्यात पोरगा पकडला गेला तर नवा गुन्हा लागतो आणि शिक्षेत मिळणारी सूटही जाते.

सगळं ठीक असूनही फोन आला नाही, तर बंदी क्रमांक सांगून कारागृहाच्या कार्यालयात विचारा. आजारपण, कोर्टाची तारीख, दुसऱ्या कारागृहात बदली किंवा शिस्तभंगाची शिक्षा, यातलं काहीही असू शकतं. कुणी दाद देत नसेल तर 15100 वर विधी सेवेची मदत मोफत मिळते.