अचूक रायफल काडतुसांसाठी कोणता प्रायमर निवडावा?

आपण .308 विंचेस्टर या काडतुसाच्या बोल्ट रायफलीने (दर गोळीनंतर हाताने बोल्ट मागेपुढे करावा लागणाऱ्या) 600 यार्डांवर नेम धरता. घरी भरायच्या काडतुसांसाठी प्रायमर (काडतुसाच्या बुडात बसणारी, दारू पेटवणारी छोटी टोपी) म्हणून साधे सीसीआय 200 सोडून फेडरल 210एम किंवा सीसीआय बीआर-2 असे महागडे मॅच, म्हणजे स्पर्धेसाठी बनवलेले, प्रायमर घ्यावेत का, आणि अधिक जोरकस पेट देणाऱ्या मॅग्नम प्रायमरने अचूकता वाढते का, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे की पेटीवरचे नाव ही या कामातील सर्वांत शेवटची बाब आहे. एकाच लॉटचे, म्हणजे एकाच खेपेत बनलेले, जितके प्रायमर एकदम मिळतील तितके घ्यावेत आणि ते पुंगळीत (काडतुसाच्या धातूच्या नळकांड्यात) कसे बसतात याकडे सारे लक्ष द्यावे. इतक्या ठामपणे लिहिण्याचे कारण असे की याच मुद्द्यावर ओहायोत माझा आणि माझ्या साडूंचा जुना वाद आहे, आणि मंडळाच्या गणेशोत्सवात, जेवणाच्या पंगतीत, ज्यांना रायफलीत काडीचाही रस नाही अशा लोकांसमोरसुद्धा ते आपली बाजू सिद्ध झाल्याचे सांगत असतात.

वादाची सुरुवात 2020 च्या टंचाईत झाली. त्या वर्षी अमेरिकेतील दुकानांतून प्रायमर नाहीसे झाले आणि तोवर 30 ते 40 डॉलरला मिळणारी हजाराची पेटी पुढे 100 डॉलरच्याही वर गेली. मला एका दुकानात साध्या सीसीआय 200 च्या एकाच लॉटच्या पेट्या मिळाल्या, त्या मी घेतल्या. साडूंनी मात्र मिळेल त्या भावाने 210एम मिळवले. त्या हंगामात नेमबाजी स्पर्धांत त्यांचे गुण वाढले आणि त्याचे सारे श्रेय त्यांनी प्रायमरला दिले. क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) तीन गोळ्या झाडून वेगाचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचे विखुरणे, किती कमी आले, ते त्यांनी मला फोनवर छायाचित्रासह कळवले.

तीन गोळ्यांवरून असे काहीही कळत नाही, हे मला आपल्यालाही आवर्जून सांगावेसे वाटते. तीन गोळ्यांवर प्रमाण विचलन 8 फूट प्रति सेकंद आले, तर 95 टक्के खात्रीने इतकेच म्हणता येते की खरा आकडा 4 ते 50 यांच्या दरम्यान कुठेतरी आहे. दहा गोळ्यांवर ही मर्यादा सुमारे 5.5 ते 14.6 होते आणि तीस गोळ्यांवर 6.4 ते 10.8. दोन चांगल्या प्रायमरांमधील फरक बहुधा या मर्यादांच्या आतच राहतो, म्हणून तीन किंवा पाच गोळ्यांचा सुंदर गट दाखवून प्रायमरची निवड सांगणाऱ्या कोणाचेही मत मी ग्राह्य धरत नाही.

म्हणून आम्ही रीतसर चाचणी घेतली. पुंगळ्या एकाच लॉटच्या, सारख्या वेळा वापरलेल्या आणि सारख्या लांबीला कापलेल्या होत्या, दारू एकाच डब्यातली आणि प्रत्येक भार 0.1 ग्रेनपर्यंत तोललेला होता. साडूंच्या मुलीने पुंगळ्यांवर क्रमांक टाकले, कोणत्या क्रमांकात कोणता प्रायमर आहे याची नोंद स्वतःजवळ ठेवली आणि बुडावर काळा मार्कर फिरवला, जेणेकरून रंगावरून किंवा आकारावरून कोणाला काही ओळखता येऊ नये. माझे सीसीआय 200 आणि त्यांचे 210एम हे दोन्ही प्रकार आलटून पालटून झाडले, कारण आधी एक प्रकार संपवून मग दुसरा झाडला तर तापलेली नळी आणि बदललेला वारा यांचा दोष विनाकारण दुसऱ्याच्या माथी येतो. माझ्या आग्रहावरून तिसरा संच त्याच साध्या प्रायमरांचा केला, पण त्यात ते पूर्ण दाबून न बसवता बुडाशी जेमतेम समतल होतील इतकेच बसवले.

दोन नामांकित प्रायमरांच्या सरासरी वेगात थोडा फरक आला, परंतु तो दुर्बिणीची उंची एक-दोन क्लिक फिरवून मिटतो. वेगाच्या विखुरण्यात आणि कागदावरील गटात सांगण्यासारखा फरक आढळला नाही. तिसऱ्या संचाचे विखुरणे मात्र उघड वाढलेले होते आणि लक्ष्यावरील छिद्रे उभ्या रेषेत पसरली होती.

याचे कारण प्रायमरच्या रचनेत आहे. वाटीत स्फोटक मिश्रण असते आणि त्याच्यापुढे तीन किंवा दोन पायांची छोटी ऐरण. ऐरणीचे पाय पुंगळीच्या बुडातील खळग्याच्या तळाला घट्ट टेकून मिश्रणावर थोडा दाब आला की फायरिंग पिनचा (प्रायमरवर आपटणाऱ्या खिळीचा) सारा आघात मिश्रण चिरडण्यात जातो. पाय तळाला टेकले नसतील तर आघाताचा काही भाग प्रायमर पुढे ढकलण्यातच खर्ची पडतो, पेट कधी जोरात तर कधी मंद होतो आणि क्वचित काडतूस उडतच नाही. म्हणून खळगा स्वच्छ करावा, प्रायमर बुडाच्या पातळीखाली साधारण 0.003 ते 0.005 इंच बसवावा आणि प्रत्येक काडतुसावरून बोट फिरवून खात्री करावी. वेगात 10 फूट प्रति सेकंदांचा फरक पडला तर 100 यार्डांवर तो दिसतही नाही, 600 यार्डांवर मात्र गोळी जवळजवळ एक इंच वर किंवा खाली जाते आणि 1000 यार्डांवर तीन इंचांहून अधिक. एफ-क्लास या लांब पल्ल्याच्या स्पर्धेच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ साधारण एक मिनिटाच्या (अंशाच्या साठाव्या भागाच्या) कोनाएवढे असते हे लक्षात घेता, हा इंच वाया घालवण्यासारखा नाही.

साडूंनी आकडे मान्य केले, पण गुण वाढले ते खोटे का, असे त्यांनी विचारले. गुण खरोखरच वाढले होते. परंतु ज्या महिन्यात त्यांनी 210एम आणले, त्याच महिन्यात प्रेसवर (काडतुसे भरण्याच्या टेबलावरील यंत्रावर) प्रायमर बसवणे सोडून हातात धरायचे साधनही घेतले होते, ज्यात प्रायमर तळाला टेकल्याचे अंगठ्याला कळते. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि श्रेय महागडीला गेले. हे त्यांनी अद्याप मान्य केलेले नाही, म्हणून येथे नोंदवून ठेवतो.

मॅग्नम प्रायमरची आपल्याला गरज नाही. मोठ्या पुंगळ्या, पेटायला जड असलेली गोलदाणी दारू आणि कडाक्याची थंडी यांसाठी तो उपयोगी पडतो. .308 मध्ये वार्गेट किंवा 4064 सारखी दांडीदाणी दारू साध्या प्रायमरने व्यवस्थित पेटते.

काही इशारे द्यायलाच हवेत. प्रायमर बदलला की दाब बदलतो, त्यामुळे दारूचा भार कमी करून, भारांचा छापील तक्ता समोर ठेवून पुन्हा पायरीपायरीने वर यावे. माझ्या चाचणीतही दोन्ही प्रायमरांसाठी भार आधी असाच तपासून घेतला होता. लार्ज रायफल आणि लार्ज पिस्तूल प्रायमरांचा व्यास 0.210 इंच असा सारखाच असला तरी त्यांची उंची वेगळी असते, म्हणून ते एकमेकांच्या जागी वापरू नयेत. प्रायमर मूळ वेष्टनातच ठेवावेत आणि बसवताना चश्मा लावावा. तिसऱ्या संचासारखे अर्धवट बसवलेले प्रायमर चाचणीपुरतेही करू नयेत असे मी म्हणेन; आम्ही ते केवळ बोल्ट रायफलीत एकेक करून झाडले होते. एम1 गॅरंड किंवा एम1ए सारख्या अर्धस्वयंचलित रायफलीत फायरिंग पिन मोकळी असते आणि वर उरलेला किंवा संवेदनशील प्रायमर बोल्ट बंद होतानाच उडू शकतो. अशा रायफलींसाठी सीसीआय 34 सारखा लष्करी धाटणीचा प्रायमर घ्यावा आणि त्यांच्या बाबतीत माझे पेटीवरच्या नावाविषयीचे मत लागू धरू नये. भारतातील वाचकांनी हेही ध्यानात घ्यावे की शस्त्र अधिनियम 1959 नुसार परवान्याविना काडतुसे तयार करणे हा तेथे गुन्हा आहे.