जुगाराच्या झगमगत्या नगरीत सुट्टी घालवावी का?

प्रवासाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत फिनिक्स येथे नोकरीला आहे. येत्या ऑक्टोबरमध्ये आम्ही पतिपत्नी पहिल्यांदाच त्याच्याकडे जाणार आहोत. त्या मुक्कामात सर्वांनी मिळून पाच दिवस लास वेगासला राहावे, असा त्याचा आणि सूनबाईंचा बेत आहे. आम्ही दोघेही निवृत्त शिक्षक. पत्त्यांत रमीच्या पुढे कधी गेलो नाही आणि तीही पैसे लावून खेळलो नाही. हिला गुडघ्यांचा त्रास आहे, आम्ही शाकाहारी आहोत आणि बरोबर ९ वर्षांचा नातू असेल. ‘नुसते बघायलाही मजा येते’ असे मुलगा म्हणतो. आमचे साडू मात्र ‘पोळ्याच्या करीला पत्ते कुटणारे इथे काय कमी आहेत, की ते पाहायला सातासमुद्रापार जावे?’ असे विचारतात. आम्ही काय करावे?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : अवश्य जावे, पण पाच दिवस राहू नये. दोन रात्री पुरतात, आणि त्याही आठवड्याच्या मधल्या असाव्यात. शुक्रवार-शनिवारी तेथील खोल्यांचे दर एकदम चढतात आणि गर्दीही सोसवत नाही. उरलेले तीन दिवस कोठे खर्च करावेत ते पुढे सांगतो, कारण फिनिक्सहून निघणाऱ्याला लास वेगासपेक्षा मोलाचे असे बरेच काही वाटेतच लागते.

आधी हे गाव काय आहे ते पाहू. नेवाडा राज्यातील मोहावे वाळवंटात रेल्वेचे एक ठाणे म्हणून ते सुरू झाले. मे १९०५ मध्ये रेल्वे कंपनीने येथील भूखंडांचा लिलाव केला, तोच गावाचा जन्मदिवस मानतात. वर्षाकाठी जेमतेम १० सेंटिमीटर पाऊस, शेती नाही, कारखानदारी नाही. मंदीच्या काळात, १९३१ मध्ये, राज्याने जुगार कायदेशीर केला, त्याच वर्षी जवळच कोलोरॅडो नदीवर हूव्हर धरणाचे काम सुरू झाले, आणि हजारो मजुरांच्या पगाराला खर्च होण्यासाठी एक जागा मिळाली. आज छायाचित्रांत दिसणारा ‘स्ट्रिप’ हा सुमारे ७ किलोमीटरचा रस्ता गंमत म्हणजे लास वेगास शहराच्या हद्दीत नाहीच. त्याचा बहुतेक भाग शेजारच्या, नगरपालिका नसलेल्या वस्त्यांत येतो. सांगण्याचा मुद्दा असा की या गावाला जुगार नुसता वरून चिकटलेला नाही, आजचे हे रूप त्याला जुगारानेच दिले. त्यामुळे येथील प्रत्येक सोय, प्रत्येक वळण आणि प्रत्येक स्वस्ताई तुम्हाला त्या टेबलांपर्यंत नेण्यासाठी योजलेली असते, हे ध्यानात ठेवून गेलेल्या माणसाला तेथे मनस्ताप होण्याचे कारण नाही.

मी स्वतः तेथे तीन रात्री राहिलो आहे आणि तिसरी रात्र केवळ चुकून आरक्षित झाली होती. आम्ही उतरलो त्या हॉटेलात स्वागतकक्षापासून लिफ्टपर्यंतची वाट सरळ नव्हती. ती स्लॉट मशीनच्या, म्हणजे बटण दाबून जुगार खेळण्याच्या यंत्रांच्या, रांगांमधून वळणे घेत जात असे. दिवाणखान्याएवढ्या खिडक्या असलेली खोली वर, पण खाली जुगाराच्या मजल्यावर ना खिडकी ना भिंतीवर घड्याळ. पहाटे साडेचारला झोप उडाली म्हणून चहाच्या शोधात मी खाली उतरलो, तेव्हा सत्तरीची एक बाई यंत्रासमोर बसली होती. एका हातात सिगारेट (कॅसिनोच्या मजल्यावर धूम्रपानाला तेथे कायद्याने मुभा आहे, दमेकऱ्यांनी हे लक्षात घ्यावे) आणि दुसऱ्या हाताचे बोट बटणावर. चित्रे फिरत, थांबत, आणि तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नव्हती. जिंकल्यावर नाणी खळाखळा पडतात, ही आपली कल्पना जुनी झाली. आता यंत्रातून कागदाची एक चिठ्ठी बाहेर येते. मी १० डॉलर घालून पाहिले होते. शेवटी ४३ सेंटची चिठ्ठी हाती आली, ती अजून माझ्या पासपोर्टच्या पाकिटात आहे आणि तिची मुदत केव्हाच संपली आहे.

खेळावे की नाही, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, परंतु तेथे गेल्यावर तो पडणारच, म्हणून त्याचे गणित सांगून ठेवतो; तुम्ही शिक्षक आहात, ते तुम्हाला आवडेल. रूलेट म्हणजे फिरत्या चाकावरची गोळी कोणत्या आकड्यावर थांबेल यावर पैसे लावण्याचा खेळ. त्याच्या अमेरिकी चाकावर १ ते ३६ हे आकडे असतात आणि शिवाय एक शून्य व एक दुहेरी शून्य, म्हणजे एकूण ३८ घरे. तुम्ही एका आकड्यावर १ डॉलर लावला आणि तो आला, तर ३५ डॉलर मिळतात आणि लावलेला डॉलर परत येतो. याचा अर्थ ३८ डॉलर लावणाऱ्याच्या हाती सरासरीने ३६ येतात. उरलेले दोन, म्हणजे शेकडा सव्वापाच, मालकाचे. युरोपीय पद्धतीच्या चाकावर शून्य एकच असते, तेव्हा हा वाटा २.७ टक्क्यांवर येतो, तर स्ट्रिपवरील काही हॉटेलांनी आता तीन शून्यांची चाके बसवली आहेत, तेथे तो ७.७ टक्क्यांच्या घरात जातो. यात लबाडी कोठेही नाही, सगळे टेबलावर छापलेले असते. फक्त खेळ जितका वेळ चालेल तितकी सरासरी आपल्याला गाठत जाते. आपल्या विदर्भाच्या जावयाने, नळराजाने, फाशांवर राज्य घालवले आणि पुढे ऋतुपर्णाकडून अक्षविद्या शिकून ते परत मिळवले, अशी कथा आहे. रूलेटच्या चाकावर ती विद्याही चालत नाही. गंमत म्हणून बसायचेच असेल तर नाटकाच्या तिकिटाइतकी रक्कम वेगळ्या पाकिटात घ्यावी, ती संपली की उठावे, आणि बँकेचे कार्ड खोलीतील तिजोरीत ठेवूनच खाली उतरावे.

आता पाहण्यासारखे. एक डॉलरही न लावता तेथे दोन संध्याकाळी मजेत जातात, या बाबतीत तुमच्या मुलाचे म्हणणे खरे आहे. बेलाजिओ हॉटेलच्या समोरचे तळे सुमारे ८ एकरांचे आहे आणि त्यातील कारंजी संगीताच्या तालावर नाचतात. फुटाळ्याच्या संगीत कारंज्यांची चर्चा आपण नागपूरकरांनी इतकी केली आहे की मूळ प्रकार डोळ्यांनी पाहण्याची उत्सुकता असणे स्वाभाविक आहे. ती पाहण्याला पैसे पडत नाहीत, आणि रात्री पाहावीत. त्याच हॉटेलात आत ऋतूप्रमाणे बदलणारी फुलांची आरास असते, तीही विनामूल्य. समोर निम्म्या आकाराचा आयफेल टॉवर आहे, पुढे व्हेनिशियन हॉटेलात छताखाली कालवा आणि त्यात गोंडोला, वर रंगवलेले आकाश. खोटे आहे हे माहीत असूनही माणूस मान वर करून उभा राहतो. २०२३ मध्ये उघडलेला ‘स्फिअर’ हा सुमारे ११२ मीटर उंचीचा गोल बाहेरून दिव्यांच्या पडद्यांनी मढवलेला आहे. आतल्या कार्यक्रमाचे तिकीट महाग आहे, पण नातवाला बाहेरचा गोल पाहूनच भान राहणार नाही. हे सर्व पाहून झाल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र तुम्हाला रिकामपण जाणवू लागेल. दिवसाउजेडी ते गाव मांडव उतरवल्यानंतरच्या लग्नघरासारखे दिसते.

गुडघ्यांविषयी काळजीपूर्वक सांगतो. तेथील इमारती इतक्या प्रचंड आहेत की पलीकडचे हॉटेल ‘हे काय, समोरच’ असे वाटते आणि पोहोचायला वीस मिनिटे लागतात. आपल्या विमानतळापासून सीताबर्डीपर्यंतचा रस्ता डोळ्यांसमोर आणा. स्ट्रिप त्याहून थोडाच लहान आहे, आणि मोठ्या चौकांत रस्ता ओलांडण्यासाठी पादचारी पूल चढावे लागतात. सरकते जिने व लिफ्ट आहेत, पण एखादा जिना बंद असतोच. रस्त्याने चोवीस तास बस धावते, तिचा दिवसभराचा पास घ्यावा. मोनोरेलही आहे, परंतु तिची स्थानके हॉटेलांच्या मागच्या अंगाला असल्याने तेथवरची पायपीट वाचत नाही. नातवाबद्दल एवढेच की २१ वर्षांखालील कोणालाही जुगाराच्या मजल्यावर थांबता येत नाही. वाटेने जाता येते, रेंगाळता येत नाही.

बिलाकडे लक्ष असू द्या. खोलीच्या दरावर ‘रिसॉर्ट फी’ नावाची सक्तीची रक्कम दर रात्री लागते आणि तिच्यावरही कर असतो; गाडी उभी करण्याचे पैसे बहुतेक मोठ्या हॉटेलांत वेगळे. खोलीतील फ्रिजमध्ये आपले दही किंवा औषध ठेवायला जाऊ नये, कारण अनेक ठिकाणी आतील बाटली जागची हलली तरी ती विकली गेल्याची नोंद होते. स्वतंत्र फ्रिज मागितला तर मिळतो, त्याचे पैसे पडू शकतात. चहाची किटली बऱ्याच खोल्यांत नसते. ती मुलाच्या घरून न्यावी. नागपूरहून नेलेली उपयोगी पडत नाही, कारण तेथील वीजदाब १२० व्होल्ट असतो आणि आपल्या किटलीत पाणी उकळायला सुमारे चौपट वेळ लागतो. शाकाहाराची अडचण नाही, भारतीय उपाहारगृहे आहेत. मेक्सिकन जेवणातील घोटलेला राजमा मात्र चरबीत केलेला असू शकतो, म्हणून विचारूनच घ्यावा.

ऑक्टोबर महिना तुम्ही उत्तम निवडला आहे. जुलैमध्ये दुपारचा पारा सहसा ४० अंशांच्या वर असतो, आणि नवतपा अंगावर काढलेल्या नागपूरकराला त्याचे काही वाटू नये असे म्हणावे, तर आपण त्या दिवसांत दुपारी कूलरसमोर पडून राहतो, सिमेंटच्या रस्त्यावर प्रेक्षणीय स्थळे पाहत हिंडत नाही. ऑक्टोबरमध्ये हवा सुखाची असते. शाल मात्र न्यावी, ती हॉटेलच्या आतल्या गारठ्यासाठी.

राहिलेल्या तीन दिवसांचे असे करावे. फिनिक्सहून थेट लास वेगासला न जाता आधी उत्तरेला फ्लॅगस्टाफमार्गे ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कडेला जावे. मोटारीने साडेतीन-चार तास लागतात. तेथे एक रात्र राहावे, म्हणजे सूर्यास्त आणि सूर्योदय दोन्ही मिळतात. राष्ट्रीय उद्यानातील निवासांचे आरक्षण कित्येक महिने आधी संपते, तेव्हा मुलाला आजच सांगावे. ही जागा समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे फिनिक्सला घामाने भिजलेल्या माणसाला तेथे स्वेटर लागतो. कडेचे बहुतेक देखावे वाहनापासून थोड्या पावलांवर आहेत, म्हणून गुडघ्यांना ही जागा स्ट्रिपपेक्षा मानवेल. तेथून साडेचार तासांवर लास वेगास, तेथे दोन रात्री. परतीच्या वाटेवर हूव्हर धरण लागते, ते चुकवू नये. भिंतीची उंची २२१ मीटर आहे आणि धरणावर दोन्ही राज्यांच्या वेळा दाखवणारी घड्याळे बसवली आहेत, एक नेवाडाच्या काठाकडे आणि एक ॲरिझोनाच्या. ॲरिझोनाची वेळ मुळात नेवाडाच्या एक तास पुढे आहे, म्हणून हिवाळ्यात दोहोंत तासाचा फरक असतो; उन्हाळ्यात नेवाडा घड्याळे तासाने पुढे करते, ॲरिझोना करत नाही, आणि फरक मिटतो. तुम्ही ऑक्टोबरमध्ये जाल तेव्हा दोन्ही एकच वेळ दाखवतील. कॅसिनोत दोन दिवस घड्याळाविना काढल्यावर ती शेजारी शेजारी पाहताना मला विलक्षण बरे वाटले होते. शेवटचा दिवस फिनिक्सला घरी विश्रांतीसाठी ठेवावा.

प्रश्न : आम्ही चार मैत्रिणी नोकरी करतो. अमेरिका परवडणारी नाही, पण तसलाच झगमगाट एकदा पाहायचा आहे. मकाऊला जावे की गोव्यातील कॅसिनो बोटींवर समाधान मानावे?
– एक वाचक, धंतोली, नागपूर

उत्तर : झगमगाटच पाहायचा असेल तर मकाऊ. २००६ मध्येच तेथील जुगाराच्या उत्पन्नाने लास वेगासच्या स्ट्रिपला मागे टाकले. भारतीय पासपोर्टवर ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, पण तुम्ही हाँगकाँगमार्गे जाल, आणि तेथे उतरण्यासाठी आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. तिकीट काढण्यापूर्वी दोन्ही ठिकाणचे नियम पाहून घ्यावेत. हाँगकाँगहून २०१८ मध्ये सुरू झालेल्या सागरी पुलावरून बस मिळते. मकाऊ १९९९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होते आणि त्याचा जुना भाग जागतिक वारशाच्या यादीत आहे. सेंट पॉल चर्चचे १८३५ च्या आगीत उरलेले दर्शनी तोंड, त्याच्या पायऱ्या आणि आसपासच्या गल्ल्या यांसाठी एक पूर्ण दिवस ठेवलात तर कॅसिनोंना एक संध्याकाळ पुरेल. शाकाहारी असाल तर थेपले-चिवडा बरोबर असू द्या.

गोव्यात पणजीजवळ मांडवीत नांगरलेल्या बोटींवर प्रवेशशुल्कातच जेवण आणि काही चिप्स, म्हणजे खेळात पैशांऐवजी लावायच्या चकत्या, असतात. २१ वर्षांखालील व्यक्तींना प्रवेश नाही आणि २०२० पासून खुद्द गोव्याच्या रहिवाशांनाही नाही. महाराष्ट्रात मात्र कॅसिनो नाहीत. १९७६ मध्ये तसा कायदा करून ठेवला होता, तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. गोव्याला जात असाल तर बोटीवर एकच रात्र काढा आणि परतीची गाडी आधी ठरवून ठेवा. मध्यरात्रीनंतर धक्क्यावर उभ्या असलेल्या टॅक्सीवाल्याशी घासाघीस करण्यात चौघींची निम्मी मजा जाईल.