एकच व्हिडिओ अनेक संगणकांवर पाठवायचा असेल तर मल्टिकास्ट निवडावे की युनिकास्ट?

एकाच इमारतीतील २०० संगणकांवर एकच व्हिडिओ एकाच वेळी दाखवायचा आहे आणि त्यासाठी मल्टिकास्ट वापरावे का, असे आपण विचारले आहे. आधी हिशेब मांडून पाहावा. व्हिडिओ ५ एमबीपीएसचा (सेकंदाला ५ मेगाबिट) धरला, तर युनिकास्टमध्ये प्रत्येक संगणकासाठी वेगळी प्रत निघते, म्हणजे एकूण १००० एमबीपीएस होतात आणि सर्व्हरचे एक गिगाबिटचे कार्ड तिथेच संपते. मल्टिकास्टमध्ये सर्व्हर ५ एमबीपीएस एकदाच पाठवतो आणि प्रती काढण्याचे काम स्विच, म्हणजे संगणकांना एकमेकांशी जोडणारी उपकरणे, करतात. संगणक २० असते, तर मी विचार न करता युनिकास्टच सुचवले असते.

मात्र मल्टिकास्टचा निर्णय केवळ संख्येवर घेऊ नये. वाटेतला प्रत्येक स्विच आणि राउटर आपल्या ताब्यात आहे का, हा माझ्या मते खरा प्रश्न आहे. सार्वजनिक इंटरनेटवर मल्टिकास्ट सहसा पुढे जातच नाही, त्यामुळे काही प्रेक्षक बाहेरून पाहणार असतील तर त्यांच्यासाठी युनिकास्ट ठेवावेच लागेल. वाय-फायवर तर मल्टिकास्टची पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे) साधारणपणे कमी वेगाने आणि पोचपावतीशिवाय जातात, म्हणून तिथे चित्र तुटते आणि इतरांचाही वेग खाली येतो.

मी स्वतः एका ठिकाणी अशी यंत्रणा बसवली तेव्हा चित्र उत्तम सुरू व्हायचे आणि चार मिनिटांच्या थोडे पुढे गेले की सगळीकडे एकदम थांबायचे. दोन दिवस मी प्रोग्रॅममध्येच चूक शोधत राहिलो. प्रत्यक्षात स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग, म्हणजे कोणत्या संगणकाला मल्टिकास्ट हवे आहे याची नोंद ठेवून फक्त त्या सदस्यांकडेच ते पाठवण्याची सोय, चालू होते, पण सदस्यांची वेळोवेळी विचारणा करणारा क्वेरियर नेटवर्कमध्ये कुठेच नव्हता, त्यामुळे २६० सेकंदांची मुदत संपताच स्विच सदस्यांच्या नोंदी पुसून टाकत होता. क्वेरियर चालू करताच अडचण मिटली. म्हणूनच दोन मिनिटांच्या चाचणीवर कधीही विश्वास ठेवू नये, निदान दहा मिनिटे तरी चाचणी चालू ठेवावी.

दुसरी गोष्ट पॅकेट हरवण्याची. हरवलेला डेटा आपोआप पुन्हा पाठवणारा टीसीपी हा प्रोटोकॉल दोन टोकांमध्येच चालतो, त्यामुळे मल्टिकास्टसाठी तशी सोय नसलेला यूडीपी घ्यावा लागतो आणि हरवलेले परत मिळवण्याची जबाबदारी आपल्यावर येते. व्हिडिओत एखादी फ्रेम गेली तर चालते. फाइल पाठवायची असेल तर एक बाइटही गमावून चालत नाही. अशा वेळी मी मूळ डेटा मल्टिकास्टने पाठवून प्रत्येक पॅकेटला क्रमांक देतो आणि जे क्रमांक पोहोचले नाहीत तेवढेच संगणकाला युनिकास्टने मागू देतो. सर्वांनी एकाच क्षणी मागणी करून सर्व्हरवर तुटून पडू नये, म्हणून प्रत्येकाने मागण्यापूर्वी थोडा यादृच्छिक वेळ थांबावे.

आपले सर्व २०० संगणक तारेने जोडलेले असतील, तर २३९ ने सुरू होणारा, म्हणजे खासगी वापरासाठी राखलेल्या श्रेणीतला मल्टिकास्टचा आयपी पत्ता घेऊन मल्टिकास्ट करावे. संगणक वेगवेगळ्या सबनेटमध्ये (राउटरने वेगळ्या केलेल्या नेटवर्कच्या भागांत) असतील तर राउटरवर मल्टिकास्ट राउटिंग लागेल आणि टीटीएल, म्हणजे पॅकेट किती राउटर ओलांडू शकते याची मर्यादा, हीही वाढवावी लागेल, कारण ती मुळात १ असते आणि पहिल्याच राउटरपाशी पॅकेट संपते.