वाचक विचारतात: कापूस निघाला, मॉरिशसला केव्हा जावं?

प्रश्न: कापूस-तूर निघाली की फेब्रुवारीत आम्ही दोघं आणि आई, असे तिघे मॉरिशसला जायचं म्हणतो. एजंट म्हणतो, तेव्हा पॅकेज स्वस्त पडते. जावं का?
– एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर: स्वस्त का पडते, ते आधी पाहा. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. फेब्रुवारीत तिथे भर उन्हाळा, वर पाऊस आणि चक्रीवादळांचा मोसम. जानेवारी ते मार्च सगळ्यात जोखमीचे. वादळ बेटावर आदळलं नाही, नुसतं जवळून गेलं, तरी विमानं रद्द होतात, बोटी थांबतात आणि खोलीत बसून हॉटेलचं भाडं भरावं लागतं. एप्रिलअखेर ते मे धरा. हवा निवळलेली, समुद्र कोमट, आणि पेरणीच्या आत तुम्ही घरी. आपल्याकडच्या मेच्या उन्हातून सुटका होते, तो नफा वेगळाच.

मुक्काम उत्तरेला ग्राँ-बे किंवा पश्चिमेला फ्लिक-आँ-फ्लाक इथे घ्या. पूर्व किनारा फोटोत सुंदर दिसतो, पण आग्नेयेचे वारे थेट तिथेच लागतात. विमानतळ आग्नेय टोकाला असल्याने ग्राँ-बेला पोचायला तासाभराहून जास्त लागतो. गाडी पॅकेजमध्ये आहे का, हे लेखी घ्या. मधल्या पठारावर गारठा आणि भुरभुर असते, गंगा तलावला जाताना आईंसाठी स्वेटर ठेवा.

बेटाभोवती बहुतेक ठिकाणी प्रवाळाचा बांध आहे, म्हणून आतलं पाणी संथ असतं. दक्षिणेत ग्री-ग्रीला तो तुटलेला आहे. लाटा काठावरूनच पाहायच्या. इतरत्र पाण्यात रबरी बूट घाला, सी अर्चिन या काटेरी समुद्री जिवाचे काटे पायात मोडतात.

व्हिसा आधी काढावा लागत नाही. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि खर्चापुरते पैसे दाखवता आले पाहिजेत. निघण्याआधी मॉरिशस सरकारचा ऑनलाइन फॉर्म भरा. यूपीआय तिथे फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालं, पण त्याच्याच भरवशावर जाऊ नका. थोडे डॉलर आणि परदेशात चालणारं कार्ड हवंच. बँकेचा ओटीपी येण्यासाठी सिमचं रोमिंग इथूनच सुरू करून घ्या.

प्रश्न: आई ६२ वर्षांची, दहावी नाही. पासपोर्टवर ईसीआर शिक्का (परदेशी नोकरीला जाण्याआधी सरकारी परवानगी लागते, असा) बसेल का?
– आर्वी (जि. वर्धा)

उत्तर: पन्नाशी ओलांडलेल्यांना तो लागत नाही, दहावीचा दाखला नसला तरी. शिवाय ती अट ठरावीक देशांत नोकरीला जाणाऱ्यांसाठी आहे, मॉरिशस त्यात नाही. खरी अडचण नावाची येते: आधारवर एक, बँकेत दुसरं, जन्मतारखेत फक्त साल. आधी आधार दुरुस्त करा, मग अर्ज भरा. ३६ पानी पासपोर्टची फी १५०० रुपये, ज्येष्ठांना १० टक्के सूट. तिकिटावर नाव पासपोर्टवरचंच, अक्षर न् अक्षर. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर सहा महिने तरी उरलेली असावी.

प्रश्न: पॅकेजवर एजंट टीसीएस (पैसे घेतानाच कापला जाणारा आयकर) मागतो. आमचं उत्पन्न शेतीचंच, तो पैसा बुडाला का?
– मूल (जि. चंद्रपूर)

उत्तर: बुडत नाही, पण आपोआप परतही येत नाही. ज्याचा पॅन दिला त्याच्या २६एएसमध्ये (आयकर खात्याकडच्या कर-नोंदीच्या पत्रकात) रक्कम दिसते का, ते तपासा आणि त्या वर्षीचं विवरणपत्र भरा. कर लागत नाही म्हणून विवरणपत्र टाळलं, तर परतावाही नाही.

प्रश्न: सोबत संत्री आणि खर्रा (सुपारी-तंबाखू) नेता येईल का?
– वरुड (जि. अमरावती)

उत्तर: ताजी फळं, बियाणं, रोपं परवान्याशिवाय नेऊ नका, विमानतळावरच काढून घेतात. चिवडा, शंकरपाळे बंद पाकिटात न्या आणि विचारलं तर दाखवा. खर्रा घरीच ठेवा. तिथे प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, म्हणून बाजारासाठी कापडी पिशवी घ्या.