आठ नंबरच्या रॉडला लाइन कुठली?

फ्लाय फिशिंगसाठी, म्हणजे लाइनच्याच वजनावर हलकं कृत्रिम आमिष फेकून मासे धरायला, आठ नंबरचा रॉड घेतलास ते बरं केलंस. गोव्यातल्या मांडवी-झुआरीच्या खाड्यांत चोणक आणि तांबोशी या माशांसाठी तो चांगला. पण लाइन घेताना खोक्यावरचा नंबर बघून थांबू नकोस. तो नंबर लाइनच्या पुढच्या 30 फुटांच्या वजनावरून ठरतो. आठ म्हणजे 210 ग्रेन, साधारण साडेतेरा ग्रॅम. बऱ्याच लाइन प्रत्यक्षात याहून जड असतात, म्हणून ग्रेनचा आकडा शोधून वाच.

आता तू लाइन टाकतोस कुठे आणि किती लांब ते बघ. खारफुटीच्या मुळांशी टाकायचं तर अंतर जेमतेम 30-40 फूट. एवढीच लाइन बाहेर असली की कडक रॉड नीट वाकत नाही आणि सगळा जोर मनगटावर येतो. तिथे वेट-फॉरवर्ड, म्हणजे वजन पुढच्या जाड भागात (डोक्यात) असलेली लाइन लाव, आखूड, जड डोक्याची, हवं तर नऊ नंबरची. मोकळ्या पाण्यात लांब टाकताना मात्र आठच, लांब डोक्याची.

आणि लाइन ट्रॉपिकलच, म्हणजे उष्ण हवेसाठी बनवलेलीच घे, यात तडजोड नको. थंड पाण्याची लाइन मे महिन्यातल्या उन्हात मऊ पडते, रॉडच्या कड्यांना चिकटते, आणि आपला हातच बिघडला असं वाटत राहतं. जमलं तर विकत घेण्याआधी कुणाची तरी लाइन मागून स्वतःच्या रॉडवर टाकून बघ.